यमक शोधायचं ॲप: शाळा उघडल्यापासून वापरतेय, गाडी बनानापाशी अडली

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा इंग्रजी यमक शोधायचं एक फ्री ॲप मोबाईलमध्ये टाकलं होतं, आता गॅदरिंगही आटोपलं, म्हटलं अनुभव लिहूनच टाकू. नाव देत नाही, कारण या प्रकारची सगळी ॲपं जवळपास एकच काम करतात, शब्द टाकला की त्याच्याशी जुळणारे शब्द एका सिलॅबलचे (सिलॅबल म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा शब्दाचा तुकडा) वेगळे, दोनचे वेगळे, तीनचे वेगळे असे पुढ्यात येतात. मी रावेर तालुक्यात सेमी इंग्लिशच्या छोट्या पोरांना शिकवते. बर्फाच्या आणि स्लेजच्या गाण्यांशी आमच्या पोरांचं काय घेणंदेणं, इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, म्हणून आपल्याकडच्या गोष्टींवर चार-चार ओळी मीच जुळवते.

आणि रावेर म्हटलं की केळीच. घडासाठी बंच टाकलं तर लंच, क्रंच, मंच, पंच, ब्रंच असा ढीगच आला, अर्धं गाणं तिथेच झालं. इकडची केळी रेल्वेने दिल्लीकडे जातात, म्हणून वॅगन टाकून बघितलं तर ड्रॅगन मिळाला, पोरं इतकी खुश की केळी भरलेल्या वॅगनवर बसलेला ड्रॅगन चित्रकलेच्या वहीतही गेला.

मग बनाना टाकलं. यादी आली मोंटॅना, इंडियॅना, हॅना, सव्हॅना, बँडॅना. मी फळ्यावर लिहून म्हणून दाखवलं तर मागच्या बेंचवरून आवाज आला, "मॅडम, हे जुयत नही!" खरंच जुळत नाही ना भो. अमेरिकन माणूस बनॅना म्हणतो, त्याला ही यादी बरोबर आहे, आपण म्हणतो बनाना, ब्रिटिशांसारखं, मग आपल्याला घाना, बोट्स्वाना, सुलताना असले शब्द पाहिजेत. यातल्या बऱ्याच ॲपांच्या मागे कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीची उच्चारांची डिक्शनरी असते, 1 लाख 34 हजारांच्या वर शब्द, पण उच्चार सगळे उत्तर अमेरिकेतले. तेच झेडचं. तिकडे झी, म्हणजे ट्रीशी जुळतं, आपलं झेड बेडशी. म्हणून माझा नियम, यादी कितीही भारी दिसो, आधी आपल्या तोंडाने मोठ्याने म्हणायचं मग फळ्यावर लिहायचं.

पण ॲपचं खरं काम स्पेलिंगच्या बाबतीत दिसलं. आपल्याला सवय मराठीची, शेवटची अक्षरं सारखी दिसली की जुळलं समजायचं. पोरं लव्ह आणि मूव्हची जोडी लावतात, होम आणि कमची लावतात, आणि कोम, टूम, बॉम या तिघांच्या शेवटी तर ओएमबीच आहे पण एकाचा एकाशी मेळ नाही. ॲप स्पेलिंगकडे बघतच नाही, ते आवाज धरतं, म्हणून होमला फोम, डोम, रोम, कोम देतं आणि डेला वे, दे, स्ले आणि चक्क बुके. इंग्रजीची स्पेलिंगं छपाई आल्यावर हळूहळू पक्की झाली पण उच्चार पुढे सरकतच राहिले, त्याचा त्रास आमच्या दुसरीच्या वर्गाला.

अजून एक गोष्ट मला उशिराच उमगली, ती म्हणजे जोर. सिंगला मॉर्निंग का येत नाही, असं वाटायचं. तर इंग्रजीत यमक सुरू होतं जोर पडतो त्या स्वरापासून, मॉर्निंगमध्ये जोर मॉरवर आहे, म्हणून त्याची जोडी वॉर्निंगशी. आपण दोन्ही सिलॅबल सारख्याच ठोकून म्हणतो म्हणून आपल्या कानाला सिंग-मॉर्निंग चालून जातं, आणि खरं सांगायचं तर आमच्या वर्गात मीही चालवून घेते.

तक्रारी आहेतच. दर दोन शब्दांनी जाहिरात. यादीच्या खालच्या टोकाला असले शब्द की बापजन्मात कुणी ऐकले नसतील. आणि शिक्षकांनो, वर्गात प्रोजेक्टर चालू असताना डक हा शब्द टाकायचा नाही, एवढंच सांगते. काही ॲपांत घाणेरडे शब्द लपवायची सेटिंग असते, माझ्यात नाही.

सध्या फळांचं गाणं चालू आहे आणि त्यात ऑरेंजने वात आणलाय. त्याला नीट जुळणारा नेहमीच्या वापरातला शब्द इंग्रजीत नाहीच, ओढूनताणून वेल्समधला ब्लोरेंज नावाचा एक डोंगर निघतो, तो पोरांना काय सांगणार. म्हणून ऑरेंज ओळीच्या मध्ये ढकललं आणि शेवटी ज्यूस ठेवला, त्याला गूस, मूस, लूस पाहिजे तेवढे मिळतात, फक्त लूसला लूज म्हणायची सवय आधी मोडावी लागेल, पोरांची पण आणि स्टाफरूमची पण.