बँकेची पेन्शन: चार वर्षं वापरल्यानंतर

परवा जुन्या शाखेत लॉकर उघडायला गेलो होतो. तिथली नवी असिस्टंट मॅनेजर, वय असेल अठ्ठावीस-तीस, चहा पुढे करत म्हणाली, "सर, पेन्शन कशी आहे?" कोपऱ्यावर नवीन मिसळ सुरू झाली की विचारतात ना, तसं. मी म्हटलं, "बरी आहे." आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडलो. सदतीस वर्षं लोकांना ठेवींच्या योजना समजावून सांगितल्या आणि स्वतःच्या सगळ्यात मोठ्या योजनेबद्दल दोन शब्दांत उत्तर? म्हणून हे सविस्तर.

आधी माझा तपशील. १९८४ ला क्लार्क म्हणून लागलो, ३१ डिसेंबर २०२१ ला स्केल थ्रीचा सीनियर मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. बँक सरकारी. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाईटही बोलायचं आहे. मुक्काम मिरज.

पेन्शन मिळते ती १९९५ च्या नियमांप्रमाणे. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी, सेवा तेहतीस वर्षं भरली असेल तर. इथे पगार म्हणजे बेसिक आणि पेन्शनसाठी धरले जाणारे एक-दोन भत्ते. खात्यात जमा होणारा सगळा आकडा नव्हे. निवृत्तीच्या आधी बरेच जण इथेच फसतात. माझी सरासरी ८४,००० निघाली, म्हणून मूळ पेन्शन ४२,०००. वर महागाई भत्ता, तो फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये बदलतो. चार वर्षांत एकही महिना पेन्शन चुकली नाही, की कुणाला फोन करावा लागला नाही. एवढ्याच बाबतीत विचाराल तर पैकीच्या पैकी गुण.

पण मी ही पेन्शन आधी नाकारली होती, हे सांगायला हवं. १९९५ ला योजना आली तेव्हा पेन्शन घ्यायची तर बँकेचा पीएफमधला वाटा सोडायचा, असा सौदा होता. पीएफवर तेव्हा बारा टक्क्यांच्या घरात व्याज. शिवाय नियमांत संपाबद्दल असं एक कलम होतं, की संपात उतरलात तर आधीची सेवा बाद होऊ शकते. आम्ही सगळे युनियनवाले. संप म्हणजे आमचा गणेशोत्सव. फॉर्म कोण भरतंय? माझ्या शाखेतल्या अकरांपैकी तिघांनी भरला, आणि त्या तिघांची आम्ही यथेच्छ चेष्टा केली.

पुढची पंधरा वर्षं व्याजदर उतरत गेले आणि चेष्टेची दिशा बदलली. २०१० च्या एप्रिलमध्ये करार होऊन दुसरी संधी मिळाली. नोकरीत असलेल्यांनी नोव्हेंबर २००७ च्या सुधारित पगाराच्या २.८ पट रक्कम भरायची. बँकेचा पीएफ वाटा जायचा तो वेगळाच. माझा तो पगार २६,५००, म्हणजे ७४,२०० रुपये. घरात रंगकाम काढलं होतं, ते थांबवून पैसे भरले. आधीच निवृत्त झालेल्यांची गोष्ट अवघड होती. त्यांना बँकेचा वाटा व्याजासकट परत करून वर आणखी ५६ टक्के भरायचे होते. ज्यांनी त्या पैशांत मुलीचं लग्न केलं होतं, घर बांधलं होतं, ते कुठून आणणार? माझ्या एका साहेबांनी सोन्याच्या पाटल्या मोडून भरले. दुसरे म्हणाले, "एवढे भरायचे आणि मी दोन वर्षांत गेलो तर?" ते आज अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ठणठणीत, आणि एफडीच्या व्याजावर जगतात. भेटले की मी पेन्शनचा विषय काढत नाही.

आता विक्रीची गोष्ट. बँकेच्या भाषेत 'कम्युटेशन' म्हणतात तिला. पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे. निवृत्तीनंतर वर्षभरात अर्ज केला तर डॉक्टरी तपासणी लागत नाही. पुढच्या वाढदिवसाला एकसष्ट होणाऱ्याला तक्त्यात ९.८१ हा आकडा आहे. मी १४,००० विकले: १४,००० गुणिले १२ गुणिले ९.८१, म्हणजे १६,४८,०८० रुपये. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा १४,००० कमी.

हा फॉर्म मला निरोप समारंभाच्या आठवड्यात हातात दिला गेला. बाहेर हॉलमध्ये शिपाई खुर्च्या मांडतोय, कुणीतरी हाराचे फोटो काढतंय, आणि मी केबिनमध्ये जमा पावतीच्या कोऱ्या बाजूवर पेनाने हिशेब करतोय. शेजारच्या टेबलवरचा सहकारी वाकून म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षांत पंचवीस लाख वीस हजार कापणार, देणार साडेसोळा. सरळ लूट आहे." बाकी सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्याच पावतीवर हप्त्याचं गणित मांडलं. साडेसोळा लाखांचं कर्ज, १८० हप्ते, हप्ता चौदा हजार: व्याजाचा दर पडतो साधारण ६.१ टक्के. सदतीस वर्षं कर्जं वाटलेल्या माणसांना हे डोळ्यांनी दिसायला हवं होतं. त्यात मी मध्येच गेलो तर उरलेले हप्ते माफ; बायकोची कुटुंब पेन्शन मूळ पगारावर ठरते, विकलेल्या भागाचा तिच्याशी संबंध नाही. महागाई भत्ताही पूर्ण ४२,००० वर मिळत राहतो. आणि ग्रॅच्युइटी घेतलेल्याला विकलेल्या एक तृतीयांशावर आयकर नाही. एवढ्या सोप्या अटींवर कर्ज मी आयुष्यात कुणालाही मंजूर केलं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे उधळायची सवय नसेल तर विका.

मी काय केलं? जानेवारी २०२२ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पंधरा लाख टाकले. तेव्हा कमाल मर्यादा तेवढीच, दर ७.४ टक्के, तिमाहीला २७,७५०. एप्रिल २०२३ पासून मर्यादा तीस लाख झाली आणि दर ८.२, तेव्हा ग्रॅच्युइटीतले आणखी पंधरा टाकले. त्यांचे तिमाहीला ३०,७५० येतात. पहिल्या पंधरावर जुनाच दर, कारण ती खाती उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं. बायको विचारते, "अहो, एकाच टपाल कार्यालयात, एकाच काउंटरवर, तेवढेच पैसे, मग तीन हजारांचा फरक कशाला?" उत्तर दिलं तरी तिला पटत नाही. मलाही फारसं पटत नाही.

वेळेचा हा खेळ पेन्शनमध्ये सगळीकडे आहे, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते. रजेचे पैसे घ्या. २४० दिवसांची शिल्लक रजा मिळाली, नऊ लाखांच्या आसपास. करमाफी फक्त तीन लाखांना. उरलेल्यावर तीस टक्क्यांनी कर भरला. ती मर्यादा पंचवीस लाख झाली १ एप्रिल २०२३ पासून. तीन लाखांवर ती वीसेक वर्षं झोपून होती आणि मी गेल्यावर सव्वा वर्षात जागी झाली. बारावा वेतन करार ८ मार्च २०२४ ला झाला, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. मी दहा महिने आधी बाहेर. माझ्यामागून, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी निवृत्त झालेल्या मित्राचा बेसिक नव्या श्रेणीत बसला, महागाई भत्त्याचा मोठा तुकडा त्यात मिसळला गेला. दरमहा हातात पडणाऱ्या रकमेत आमच्यात प्रचंड फरक नाही, पण विकायला त्याच्याकडे मोठा बेसिक होता, म्हणून एकरकमी कितीतरी जास्त. माझ्यासारख्या जुन्यांना त्या करारात दरमहा सानुग्रह रक्कम मिळाली. मिळाली हे खरं. आकडा पाहून बायकोने विचारलं, "हा महिन्याचा की आठवड्याचा?"

मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जी गोठते ती गोठते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांची मूळ पेन्शन वेतन आयोगाबरोबर सुधारते. रिझर्व्ह बँकेच्या पेन्शनरांनाही २०१९ मध्ये सुधारणा मिळाली. आम्हाला १९९५ पासून एकदाही नाही. मी ज्यांच्या हाताखाली ऑफिसर झालो ते शाखाधिकारी नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. त्यांची पेन्शन आमच्याकडे अलीकडे निवृत्त झालेल्या शिपायापेक्षा कमी आहे. ते हे हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसता येत नाही.

मेडिक्लेम. निवृत्तांसाठी समूह विमा आहे, मी निवृत्त झालो तेव्हा अधिकाऱ्यांना चार लाखांचा. नोकरीत असताना हप्ता बँक भरते, गेल्यावर आपण. दर नोव्हेंबरला नूतनीकरण आणि दर ऑक्टोबरला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रडारड. घरच्या औषधांचा खर्च धरलेला पर्याय घेतला तर हप्त्याने महिन्याच्या पेन्शनचा मोठा लचका तोडला जातो. मी तो सोडला, साधा घेतला आणि बाहेरून सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ विमा संपला की वरचा खर्च उचलणारी पॉलिसी, जोडला. साठीनंतर नवी पॉलिसी शोधायला निघालात तर नकार मिळायला मधुमेहाचा एक रिपोर्ट पुरतो; तेव्हा हे काम पंचावन्नाव्या वर्षी उरका. मी उरकलं नव्हतं.

कुटुंब पेन्शनमध्ये मात्र मोठं काम झालं. पूर्वी पगाराच्या पंधरा, वीस, तीस टक्के असे टप्पे होते आणि वर ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं की सरसकट तीस टक्के, मर्यादा नाही. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला, आम्ही वहिनीच म्हणतो, हा फरक मिळाला तेव्हा त्यांनी पासबुक घेऊन थेट आमचं घर गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, बँकेने चुकून जास्त टाकलेत. खर्च केले तर परत मागतील का?" चूक नाही हे पटवायला मला दोन कप चहा लागले. त्यांनी तरीही तीन महिने त्या पैशांना हात लावला नाही.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. शाखेत अंगठ्याचं यंत्र ठेवलंय. माझी पहिली बारा वर्षं कॅशमध्ये गेली, नोटा मोजून अंगठ्याच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्यात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. डावा लावा, तर्जनी लावा, हात धुऊन या. मागे रांग. जिथे मी तीन वर्षं मॅनेजर होतो तिथे मी जिवंत आहे हे सिद्ध होईना! गेल्या दोन वर्षांपासून मोबाइलवर चेहरा दाखवून करतो. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अ‍ॅप घ्यायची, उजेडाकडे तोंड करून बसायचं आणि सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या. पहिल्या खेपेला चष्मा काढायचं विसरलो, चार वेळा नापास. नातू म्हणाला, "आजोबा, हसू नका, ते माणूस ओळखत नाही." एकदा जमलं की दोन मिनिटांचं काम.

त्या असिस्टंट मॅनेजरला यातलं फारसं लागू नाही. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना: स्वतःचे दहा टक्के, बँकेचे आता चौदा. तिचे पैसे बाजारात आहेत, माझे नियमांत. तिला तीसेक वर्षं हातात आहेत आणि खातं कधीही उघडून बघता येतं. मला माझा आकडा निवृत्तीच्या महिन्यात कळला. कुणाचं बरं, हे ती साठीची होईल तेव्हा तिला विचारा.

एकच गोष्ट राहिली, पीपीओ. पेन्शनचा तो मूळ आदेश आल्या आल्या मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला, न वाचता. दुसऱ्यांची हजार कागदपत्रं भिंगातून तपासणारा मी. तिसऱ्या वर्षी बायकोला फोल्डर दाखवत होतो, मी गेलो तर काय करायचं ते समजावून सांगत होतो, तेव्हा तिनेच बोट ठेवलं: "अहो, हे नाव कुणाचं?" तिचं माहेरचं नाव, त्यातही एक अक्षर चुकलेलं. आधारवर सासरचं. मी उद्या गेलो असतो तर तिला आधी ती माझी बायको आहे हे सिद्ध करत फिरावं लागलं असतं. अर्ज दिला, सोबत लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. विभागीय कार्यालयाने कागद दोनदा परत पाठवले, एकदा शिक्का पुसट आहे म्हणून. पाच महिन्यांनी, गेल्या फेब्रुवारीत, दुरुस्त पीपीओ घरी आला. या खेपेला तो तिने वाचला, दारातच उभी राहून. नाव बरोबर आहे. जन्मतारीख चुकली आहे.