एल्कच्या शिकारीसाठी कोणती सॅक घ्यावी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामात एल्क (सांबरासारखे, पण मोठे हरीण) किंवा म्यूल डिअर (त्याहून बरेच लहान हरीण) यांच्या मागे निघणारा माणूस एकाच सॅककडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा करतो. पहाटे अंधारात गाडी सोडताना पाठीवर पाणी, डबा, जाड जॅकेट, सुरी, मांसासाठीच्या कापडी पिशव्या आणि दुर्बीण असे जेमतेम सहा-सात किलोंचे सामान असते. त्यासाठी सॅक अंगालगत बसणारी, फांद्यांत न अडकणारी आणि आवाज न करणारी हवी. शिकार साधली, तर त्याच संध्याकाळी त्याच सॅकमध्ये आणखी २५ ते ३० किलो मांस चढते. सह्याद्रीत ट्रेक करत वाढलेल्या आणि आता डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाची सॅकबद्दलची समज इथे हमखास फसते, कारण ट्रेकमध्ये पाणी आणि खाऊ संपत जाऊन ओझे दिवसभर हलके होत जाते, तर शिकारीत ते संध्याकाळी एकदम चौपट-पाचपट होते. (भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, हे सगळे विवेचन अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरते आहे.)

सॅक निवडण्याआधी मांसाचा हिशेब मांडावा. पूर्ण वाढलेल्या नर एल्कचे हाडे काढलेले मांस साधारण ८० ते ११० किलो भरते, मादीचे ६० ते ८० किलो, आणि म्यूल डिअरच्या नराचे २५ ते ४० किलो. प्राँगहॉर्न या काळविटासारख्या लहान प्राण्याचे वीस किलोंच्या आतच असते. कोलोरॅडोच्या नियमांप्रमाणे चारही पायांचे, पाठीच्या दोन्ही पट्ट्यांचे आणि आतल्या बाजूच्या कोवळ्या पट्ट्यांचे मांस बाहेर काढावेच लागते; जमेल तेवढे आणू आणि बाकीचे सोडू, ही सोय नाही.

आता समजा, एकट्याने नर एल्क मारला, मांस १०० किलो आहे, गाडी ३ किलोमीटरवर आहे आणि एका खेपेला २५ किलो झेपते. सॅक मांस वाहणारी असेल, तर पहिली खेप परत येतानाच घेता येते. चार वेळा बाहेर आणि तीन वेळा आत, अशा सात फेऱ्यांत २१ किलोमीटर चालणे होते. सॅक मांस वाहणारी नसेल, तर पहिल्यांदा रिकाम्या पाठीने गाडीपर्यंत जाऊन वेगळी फ्रेम (ओझे बांधून पाठीवर वाहण्याचा सांगाडा) आणावी लागते आणि त्याच मांसासाठी नऊ फेऱ्या, म्हणजे २७ किलोमीटर पडतात. हे जास्तीचे ६ किलोमीटर ३,००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर चालायचे असतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. हाच फरक गाडी ८०० मीटरवर असताना जेमतेम दीड किलोमीटरचा होतो. त्यामुळे निवडीचा पहिला प्रश्न सॅक किती लिटरची, हा नसून आपण गाडीपासून किती दूर जातो, हा आहे.

बाजारात जे मिळते त्याचे ढोबळ मानाने चार मार्ग होतात.

पहिला मार्ग म्हणजे साधी २५-३० लिटरची डे-पॅक, म्हणजे दिवसभराच्या सामानापुरती छोटी सॅक, जवळ ठेवायची आणि मांस वाहण्यासाठी नुसती धातूची फ्रेम गाडीत ठेवायची. केल्टीची 'कॅश हॉलर' ही अशा नुसत्या फ्रेमचे परिचित उदाहरण आहे. डे-पॅक एक किलोच्या आसपास असते, बऱ्याचदा घरी आधीपासूनच असते, आणि फ्रेमचा खर्चही खास शिकारीच्या सॅकच्या तुलनेत फारच कमी असतो. रस्त्यालगतच्या जमिनीवर प्राँगहॉर्न किंवा हरणाची शिकार करणाऱ्याला यापेक्षा अधिक काही लागत नाही, आणि त्याला महागडी सॅक घ्यायला लावणारा विक्रेता त्याचे पैसे वाया घालवतो. मोह मात्र एका गोष्टीचा होतो: फ्रेम गाडीत आहे, पण हरीण लहान आहे, तर डे-पॅकमध्येच कोंबून नेऊ. पहिल्या हंगामात मीही तसेच केले होते. म्यूल डिअरच्या मादीचे मागचे दोन पाय तीस लिटरच्या ट्रेकिंग सॅकमध्ये उभे घातले; पाठीमागे आधार नसल्यामुळे सगळे वजन तळाशी बसून सॅक खाली आणि मागे ओढू लागली, मी तोल सांभाळायला कमरेत वाकून चालू लागलो, आणि दोन किलोमीटरवर डाव्या खांद्याच्या पट्ट्याची वरची शिवण एकेक टाका सुटताना कानामागे स्पष्ट ऐकू येत होती. तो दोष कंपनीचा नव्हता. त्या सॅकला ते काम कोणी सांगितलेलेच नव्हते.

दुसरा मार्ग वर सरकणाऱ्या फ्रेमच्या डे-पॅकचा आहे. मिस्टरी रँचची 'पॉप अप २८' हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. दिवसा फ्रेम खाली दडलेली असल्याने सॅक डोक्यामागे वर येत नाही, आणि ओझे चढले की फ्रेम वर खेचून उंच करता येते. ही उंची का लागते, हे समजून घेणे गरजेचे आहे. खांद्यांच्या पट्ट्यांवरून वर फ्रेमकडे जाणारे जे छोटे पट्टे असतात, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते खांद्यापासून साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात वर गेले, तरच ओझे पाठीशी ओढून धरतात आणि खांद्यांवरचा दाब कमी होऊन वजन कमरपट्ट्यावर उतरते. फ्रेम खांद्यांइतकीच उंच असेल, तर ते पट्टे आडवे राहतात आणि केवळ शोभेचे ठरतात. बहुतेक छोट्या 'हंटिंग डे-पॅक' नेमक्या इथेच कमी पडतात, मग त्यांच्यावर कितीही पट्टे आणि बक्कल असोत. वर सरकणारी फ्रेम ही अडचण खरोखर सोडवते. तिची मर्यादा वेगळी आहे: सॅकचे वजन अडीच किलोंच्या आसपास जाते, आणि पिशवी मात्र २८ लिटरचीच राहते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतले कपडे घालायचे म्हटले की जागा संपते.

तिसरा मार्ग सुट्या फ्रेमचा. मोंटानातील बोझमनची स्टोन ग्लेशियर, आयडाहोतील बॉइसीची एक्सो माउंटन गिअर, कोलोरॅडोतल्याच ग्रँड जंक्शनची सीक आउटसाइड या कंपन्या पूर्ण उंचीची फ्रेम आणि कमरपट्टा यांचा एक संच देतात आणि त्यावर लहान-मोठी पिशवी बदलून लावता येते. इथे एक सूचना करावीशी वाटते: मिस्टरी रँचच्या नावातला '२८' हा आकडा लिटरचा आहे, तर स्टोन ग्लेशियरच्या 'अप्रोच २८००' मधला आकडा घन इंचांचा. एक लिटर म्हणजे सुमारे ६१ घन इंच, म्हणजे २८०० चे ४६ लिटर होतात. या हिशेबाने पाहिले, तर अशी ४५ लिटरची सॅक फ्रेमसह सव्वादोन-अडीच किलोंच्या घरात येते, म्हणजे वर सरकणाऱ्या फ्रेमच्या २८ लिटरच्या सॅकहून जड नाही. फ्रेम आणि पिशवी यांच्यामध्ये मांस ठेवण्याची जागा, म्हणजे लोड शेल्फ, हे या प्रकाराचे खरे बळ आहे. एल्कचा मागचा पाय कापडी पिशवीत घालून तिथे उभा आवळला की जड वस्तू थेट पाठीला टेकते, आणि सामानाची पिशवी त्याच्या बाहेरच्या बाजूला राहते. डबा आणि जॅकेट रक्ताने माखत नाहीत. तोटे दोन. फ्रेम कायम उंच असल्यामुळे दाट झाडीत, खाली वाकून जाताना, ती फांद्यांत अडकते आणि बसून नेम धरताना डोक्यामागे टोचते. दुसरा तोटा पैशांचा: संपूर्ण संच ६०० डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो.

चौथा मार्ग ७०-१०० लिटरची मोहिमेची सॅक घेऊन ती दिवसा आवळून वापरण्याचा. चार-पाच दिवस तंबू टाकून राहणाऱ्याला तो योग्य आहे. रोज गाडीकडे किंवा घरी परतणाऱ्याने त्या भरीस पडू नये. आवळलेली मोठी सॅक कधीच नीट लहान होत नाही, सैल कापड फडफडते, आणि मोठी पिशवी दिसली की माणूस ती भरतो.

कापड, खिसे आणि चेनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कॉर्ड्युरा जड पण मऊ असते, एक्स-पॅक हलके आणि पाणी अडवणारे असले तरी थंडीत कुरकुरते. तिरकमठ्याने वीस-तीस मीटरवरून शिकार करणाऱ्याला हा आवाज महाग पडतो, रायफलवाल्याला फारसा नाही. मांसाच्या जागेला जलरोधक अस्तर असावे की नसावे, यावर बराच खल होतो. माझे मत असे, की मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीतच गार होऊ द्यावे आणि प्लास्टिक किंवा अस्तर केवळ वाहतुकीपुरते वापरावे. डाग थंड पाण्याने धुवावेत, गरम पाण्याने रक्त कापडात पक्के बसते. भगव्या रंगाचा विचार मात्र सॅकबरोबरच करावा. रायफल हंगामात कोलोरॅडोत कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर, आणि डोक्यावरही तसाच रंग, असणे बंधनकारक आहे. पण मोठी सॅक चढवली की जॅकेटची मागची बाजू झाकली जाते, आणि मांस खांद्यावर घेऊन वाकून चालणारा माणूस मागून पाहणाऱ्याला नेमका प्राण्यासारखा दिसतो. सॅकवर नारिंगी आवरण चढवणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

हाडे ठेवावीत की काढावीत, याचाही सॅकशी संबंध आहे. हाडासकट पाय ताठ राहतो आणि बांधायला सोपा जातो. हाडे काढली तर दर पायामागे काही किलो वाचतात, पण मांस पोत्यातल्या ओल्या वाळूसारखे तळाशी सरकते. लोड शेल्फला आडवे आवळपट्टे किमान दोन जोड्या, आणि तळाशी आधार देणारा एक पट्टा नसेल, तर हाडे काढलेले मांस त्या सॅकमध्ये टिकणार नाही. कोलोरॅडोत हरणांमधल्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगामुळे मेंदू आणि पाठीचा कणा रानातच सोडण्याचा सल्ला दिला जातो, त्यामुळे लांबून येणारे बहुतेक जण मांस सोडवूनच आणतात.

माझी निवड स्पष्ट आहे. गाडीपासून दीड किलोमीटरच्या आत, आणि प्रामुख्याने हरणासाठी जाणार असाल, तर पहिला मार्ग पुरे. हरीण मुख्य, दाट झाडी, आणि अंतर मध्यम असेल, तर वर सरकणारी फ्रेम. एल्कसाठी एक-दोन हंगामांपुरते नव्हे, तर पुढची दहा वर्षे जायचे मनात असेल, तर सुट्या फ्रेमवर ४०-४५ लिटरची पिशवी घ्यावी आणि खर्च करताना पिशवीच्या खिशांपेक्षा कमरपट्ट्याच्या मापाकडे लक्ष द्यावे, कारण तो सैल पडला तर बाकी काहीच उपयोगी पडत नाही.

सॅक घरी आली की परत करण्याची मुदत संपण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. देशी दुकानातून सोना मसुरी तांदळाच्या २० पौंडांच्या तीन पिशव्या आणाव्यात, म्हणजे २७ किलो झाले. त्या उशीच्या अभ्र्यांत ओतून लोड शेल्फमध्ये आवळाव्यात, कारण तांदूळ हाडे काढलेल्या मांसासारखाच सरकतो. मग घराचा जिना वीस वेळा चढून-उतरून पाहावा. दहाव्या खेपेला कमरपट्टा घसरून मांड्यांवर आला, किंवा तांदूळ एका कोपऱ्यात गोळा होऊन सॅक एका बाजूला कलली, तर ती सॅक खोक्यात परत भरावी. तांदूळ वाया जात नाही.