भोकांच्या अँगलचे रॅक: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही डोंबिवलीच्या आमच्या घरासाठी नट-बोल्टने जोडायचे तीन लोखंडी रॅक घेतले. औषधांच्या गोदामात, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा सरकारी दप्तरखान्यात दिसतात तेच हे राखाडी रॅक: चार कोपऱ्यांना ओळीने भोके पाडलेले काटकोनी अँगल आणि त्यांवर हव्या त्या उंचीला बसवायच्या पत्र्याच्या फळ्या. घरात असली गोदामी वस्तू आणण्यास सासूबाईंचा विरोध होता. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता, असे आता मला वाटते.

आमचा पहिला विचार भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोकून त्यांत ब्रॅकेट अडकवण्याचा होता, कारण त्यात जमीन मोकळी राहते आणि केर काढणे सोपे जाते. परंतु आमच्या इमारतीतील आतल्या भिंती सायपोरेक्सच्या आहेत. या हलक्या ठोकळ्यांत साधी प्लास्टिकची गिट्टी सहज बसते आणि वजन पडू लागले की आजूबाजूचा भाग भुसभुशीत होऊन तितक्याच सहज बाहेर येते. टॉवेलची दांडी दोनदा हातात आल्यामुळे याचा अनुभव आम्हाला होता. अशा भिंतींसाठी लांब, वेगळ्या घडणीच्या गिट्ट्या मिळतात, पण दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि डाळींचे डबे त्यांच्या भरवशावर टांगण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. म्हणून सगळे वजन जमिनीवर टाकणारा रॅक निवडला.

तिन्ही रॅक ६ फूट उंच आणि ३ फूट रुंद आहेत. दोन १५ इंच खोल आहेत व एक १२ इंच. अँगल १४ गेजचे म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीचे, तर फळ्या २० गेजच्या, म्हणजे १ मिलिमीटरहून किंचित पातळ. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, ही उलटी गोष्ट खरेदीपूर्वी ठाऊक असणे आवश्यक आहे. एका दुकानात आम्हाला २२ गेजची फळी ‘वरच्या दर्जाची’ म्हणून दाखवण्यात आली होती. तीन रॅक, पंधरा फळ्या, वाहतूक आणि जोडणी मिळून १७,८०० रुपये खर्च आला. सुताराने एका भिंतीच्या प्लायवुडच्या कपाटासाठी याच्या तिपटीहून अधिक रक्कम सांगितली होती.

रुंदी ४ फूट घ्यावी, असा घरात आग्रह होता, कारण भिंत तेवढी रिकामी होती. तो मी मोडून काढला, याचे आजही समाधान वाटते. फळीवर सर्व लांबीभर सारखा भार असेल तर तिचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे त्याच पत्र्याची फळी ३ फुटांऐवजी ४ फुटांची घेतली, तर झोळ तिपटीहून अधिक पडतो. आमच्याकडील पुस्तकांच्या एक फूट रांगेचे वजन काट्यावर साडेनऊ किलो भरले, त्यावरून एका फळीवरील भाराची कल्पना यावी. चौदा महिन्यांनंतर पुस्तकांच्या फळीखाली दोरी ताणून पाहिली, तेव्हा मधोमध बोटाच्या पेराच्या चतुर्थांशाएवढाच झोळ दिसला. फळीच्या कडा खाली दुमडलेल्या असतात आणि खरी ताकद त्या दुमडीत असते, हे मात्र पाहून घ्यावे. आमच्या एका फळीची दुमड वाहतुकीत चेपली होती आणि नेमकी तीच फळी आता लोणच्याच्या बरण्यांखाली वाकली आहे.

सर्वांत मोठी चूक फळीच्या खोलीच्या बाबतीत झाली. १५ इंचांत जास्त सामान मावेल, हे बरोबरच आहे. पण मावलेले सामान सापडत नाही. जुन्या स्वयंपाकघरातील मांडणीवर ताटे, वाट्या, तांब्या-भांडी एकेरी ओळीत राहत आणि म्हणून उभ्या उभ्या हाताला लागत. १५ इंचांच्या फळीवर डब्यांच्या दोन रांगा लागतात, आणि मागची रांग म्हणजे जवळजवळ माळाच. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही साबुदाणा तीनदा विकत आणला, कारण आधीचे दोन डबे पोह्यांच्या डब्याआड होते. याउलट १२ इंचांच्या रॅकवर ठेवलेले सांडगे, कुरडया आणि मेतकूट यंदा वेळेत संपले. इतकी वर्षे पावसाळ्याच्या शेवटी त्यांना जाळी लागलेली सापडे. दिसते ते वापरले जाते, एवढे साधे हे गणित आहे. पण ते समजायला दीड खण वाया गेला. मागच्या रांगेखाली लाकडी पाट ठेवून तिला उंच करण्याचा उपाय काही अंशी उपयोगी पडला.

आता फळ्या वर-खाली करण्याच्या सोयीबद्दल, कारण लोक हे रॅक मुख्यतः त्यासाठीच घेतात. या घडणीमागची प्रेरणाही तीच आहे. लंडनमध्ये छापखाना चालवणारे अभियंते दिमित्रिअस कोमिनो यांनी जागेच्या गरजा बदलल्या की रॅक मोडून नवे बांधण्याच्या खटाटोपावर उपाय म्हणून भोकांचा अँगल विकसित केला आणि १९४७ साली तो बाजारात आणला. छापखान्यात त्यासाठी माणसे असतात. घरात मात्र हे काम रविवारच्या दुपारी नवरा-बायकोला करावे लागते. प्रत्येक फळीला ८ नट-बोल्ट असतात. फळी रिकामी करणे, एकाने ती तोलून धरणे, दुसऱ्याने १३ नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवणे, नवीन उंचीवर चारही कोपऱ्यांची भोके मोजून जुळवणे आणि पुन्हा आवळणे, यात पाऊण तास जातो. आम्ही चौदा महिन्यांत हा उद्योग तीनदाच केला: एकदा उंच बरण्यांसाठी, एकदा मखराची खोकी ठेवण्यासाठी आणि एकदा आधीचे चुकले म्हणून. बोल्टऐवजी खाचेत अडकवायच्या फळ्यांचा प्रकारही मिळतो. तो महाग असला तरी ज्यांना मांडणी वारंवार बदलायची आहे, त्यांनी तोच घ्यावा, असे माझे मत झाले आहे. आमच्यासारख्यांनी मात्र जोडणीच्या दिवशीच सर्वांत उंच बरणी आणि सर्वांत मोठा डबा मोजून फळ्या बसवून घ्याव्यात.

जोडणीला आलेल्या कारागिराने कोपऱ्यांतील त्रिकोणी पट्ट्या फक्त वरच्या फळीला लावल्या होत्या. रॅक भरल्यावर तो हाताने ढकलला की डुलत असे. खालच्या फळीलाही पट्ट्या लावल्या आणि रॅक एका ठिकाणी काँक्रीटच्या खांबाला बांधून घेतला, तेव्हा तो स्थिर झाला. घरात लहान मूल असेल तर ही बांधणी टाळू नये, आणि बोल्टची आट्यांची बाजू आतल्या अंगाला ठेवावी. आमच्या मदतनीस ताईंचे मनगट पहिल्याच आठवड्यात खरचटले होते.

गंजाचा अनुभव एकसारखा नाही. घराच्या आतील दोन्ही रॅकवर दोन पावसाळ्यांत डाग नाही, कारण पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेल्या रंगाचा, थर जोवर अखंड आहे तोवर लोखंडाला दमट हवेचा स्पर्श होत नाही. ड्राय बाल्कनीतील रॅकची गोष्ट निराळी आहे. तिथे रोज फरशी धुतली जाते आणि अँगलच्या पायांना संरक्षण म्हणून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्यांतच पाणी साचून राहते. गेल्या सप्टेंबरात टोपी काढून पाहिली, तेव्हा अँगलच्या कापलेल्या कडेवर तांबूस थर जमला होता. पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड लावले, टोप्या कायमच्या काढून टाकल्या आणि चारही पायांखाली कडप्प्याचे तुकडे ठेवले. तेव्हापासून गंज पुढे सरकलेला नाही. लोणच्याचा खार पत्र्यावर सांडला आणि तसाच राहिला, तर तो भोकाच्या कडेने थराखाली शिरतो. म्हणून बरण्या आता स्टीलच्या ताटात ठेवतो.

उघड्या रॅकवर धूळ बसते, आणि दर पंधरा दिवसांनी सगळे उचलून पुसावे लागते. सासूबाईंचा मूळ आक्षेप हाच होता, त्याखेरीज पाहुण्यांसमोर ‘वाण्याचे दुकान’ मांडल्यासारखे दिसते हा दुसरा. त्यांच्याच जुन्या इरकली साडीचा पडदा लावल्यावर दोन्ही तक्रारी बऱ्याच सौम्य झाल्या, मात्र पडद्याआड पुन्हा काय आहे ते दिसेनासे झाले. म्हणून स्वयंपाकघरातील रॅकवर मी तो लावू दिला नाही. वाळवीची चिंता मात्र गेली. आधीच्या प्लायवुडच्या माळ्याने आमचे दोन खोके फोटो गिळले होते.

दसऱ्यापर्यंत १५ इंचांच्या सर्व फळ्या काढून त्याच अँगलवर १२ इंचांच्या बसवून घेण्याचे आम्ही ठरवले आहे. अँगल तेच राहतील, फक्त एकमेकांच्या जवळ येतील. एवढी मुभा सुतारी कपाटाने दिली नसती. जुन्या दहा फळ्या दुकानदार भंगाराच्या भावाने घ्यायला तयार आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की चांगल्या फळ्या भंगारात देऊ नयेत, माळ्यावर ठेवाव्यात.