भाडेकरू राहत असतानाच दोन्ही बाथरूमं नवीन करून घेतली, त्या कॉन्ट्रॅक्टरचा अनुभव

कोथरूडला 1992 च्या बिल्डिंगमधला टूबीएचके मार्चमध्ये घेतला. आत भाडेकरू आहेत, काका-काकू, दोघंही सत्तरीच्या पुढचे, नऊ वर्षं तिथेच राहतायत. त्यांना काढायचं नव्हतंच, डिपॉझिट जुन्या मालकाकडून खरेदीच्या वेळीच वळतं करून घेतलं आणि लीव्ह अँड लायसन्स आमच्या नावाने नव्याने रजिस्टर केलं. पण खालच्यांच्या छताला ओल आणि जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले, म्हणजे दोन्ही बाथरूमं फोडणं आलंच.

तीन जण बघून गेले, दोघं म्हणाले आधी घर रिकामं करून द्या. तिसऱ्याने काकूंनाच विचारलं, आंघोळ किती वाजता, रात्री किती वेळा उठता. काम त्यालाच दिलं. बेडरूमचं बाथरूम आधी पूर्ण, ते वापरात आलं की मगच कॉमनला हात लावायचा, असं लिहून दिलं आणि पाळलं पण. तोडफोड 10 ते 1 आणि 4 ते 6, संध्याकाळी जाताना सगळा राडारोडा गोणीत भरून खाली. पाणी बंद करायचं असलं की आदल्या दिवशी फोन काकांना, मला नाही, हे मला फार आवडलं, कारण घर माझं असलं तरी त्रास त्यांना होणार होता.

वॉटरप्रूफिंगला मात्र मी स्वतः उभा राहिलो. जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा थर, पार स्लॅबपर्यंत काढला, केमिकलचे दोन हात, मग 48 तास पाणी भरून ठेवलं. खाली एका कोपऱ्यात ओल दिसली, त्याने वाद न घालता न्हाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालचा भाग) जॉइंट परत केला आणि परत 48 तास. टाइल बसवायच्या आधीच ही टेस्ट घ्या प्लीज, नंतर गळती निघाली तर सगळं परत फोडावं लागतं.

तक्रारी दोन. 16 दिवस सांगून 23 लागले, एक पेटी टाइल कमी पडली आणि नवीन लॉटचा शेड जुळेना. दुसरी जास्त गंभीर, हॉलच्या बाजूला प्लास्टिक लावलंच नाही, काकांना दमा आहे, दोन रात्री त्यांना खोकल्याने झोप नाही. ते आधीच बघायला हवं होतं, माझंही चुकलं. त्या महिन्याचं भाडं अर्धंच घेतलं.

मटेरियल धरून 2 लाख 40 हजार. काकूंनी कमोडजवळ धरायला स्टीलचा बार मागितला होता, तो त्याने न विसरता दोन्हीकडे बसवला.