सिल्की घ्यावी की सेब्राइट? अंड्यांच्या सवयी बघून ठरवा

शोभेची कोंबडी घ्यायची पण घरची चार अंडी मिळाली तर बरंच, असा विचार करणाऱ्यांची गाडी शेवटी सिल्की आणि सेब्राइट ह्या दोघींपाशी येऊन अडते. मी दोन्ही पाळल्यात, एकाच परसात आणि एकाच खाद्यावर. पिसं, तुरा, रंग ते सगळं तुम्ही फोटोत बघितलं असणार, त्यामुळे ते सोडून देतो.

आधी एक सांगतो, वर्षाला किती अंडी हा आकडा विचारून निवड करू नका. ह्या दोघी बँटम, म्हणजे लहान चणीच्या कोंबड्या; बँटमचं अंडं साधारण 30 ते 40 ग्रॅमचं, पोल्ट्रीचं 55-60 चं, म्हणजे ऑम्लेटला एकाच्या जागी दोन फोडायची (बलक मात्र अंड्याच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे चव छान लागते). अंड्यांसाठीच कोंबडी हवी असेल तर सरळ लेअर घ्या नाहीतर गावठी. बँटममध्ये बघायचं काय, तर अंडं घातल्यावर ती पुढे काय करते.

अंड्यांच्या हिशोबात सिल्की पुढे आहे, त्यात वाद नाही. एकदा लागली की दिवसाआड अंडं, कधी लागोपाठ दोन-तीन दिवस, आणि थंडीतसुद्धा अगदीच बंद होत नाही. उडता येत नाही त्यामुळे जमिनीवरच्या खोक्यात ठरलेल्या कोपऱ्यातच घालते, शोधाशोध नाही. पावसाळ्यात तिच्या पायांच्या पिसांना चिखल लागतो आणि अंडी मळतात, पण तूस वेळेवर बदललं की तेही चालून जातं.

मग अडलं कुठे, तर खुडूक होण्यात, म्हणजे अंडी घालायची थांबवून उबवायला बसण्यात. खुडूक सगळ्याच कोंबड्या कमीजास्त होतात, लेअरमधला हा गुण निवड करून करून जवळपास घालवलाय म्हणून त्या वर्षभर घालतात. पण सिल्कीचं प्रकरण वेगळंच आहे. दहाबारा अंडी झाली की ही बसते. अंडी उचलली तरी बसते, खालचं तूस काढून घेतलं तर उघड्या फरशीवर बसते, आणि खोकंच उचलून नेलं तर खोकं होतं त्या जागेवर जाऊन बसते! हात घातला की अंग फुगवून कुर्रर्र करते, पोटाखाली बघावं तर पिसं गेलेली आणि ती काळी कातडी हाताला तापासारखी गरम लागते. दिवसातून एखाद्या वेळी उठणार, चार दाणे खाणार, पाणी पिणार, एक मोठी घाण वासाची शीट टाकणार की परत आत. बसलेल्या कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं आणि अंडाशय आखडतं, त्यामुळे तेवढे दिवस अंडं विसरायचं. खाली अंडीच नसतील तर 21 दिवस झाले म्हणून उठेल ह्याचीही खात्री नाही.

आणि एक बसली की दुसरीला बसावंसं वाटतं. एकाच खोक्यात तिघी एकमेकींना चिकटून, ज्या अजून घालतायत त्यांना जागा नाही, त्या तिथेच कुठेतरी अंग घुसवून घालतात आणि ती अंडी ह्यांच्या पोटाखाली जातात. नर असेल आणि तुम्ही रोज काढली नाहीत तर फोडल्यावर आत लाल रेषा दिसायला लागतात. खुडूक मोडायला गावाकडे पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात, मला ते बघवत नाही. खालून वारा लागेल असा जाळीच्या तळाचा पिंजरा, पाणी, खाद्य आणि भरपूर उजेड, तीनचार दिवसांत बहुतेक उठतात. त्यानंतर परत अंड्यावर यायला दोनेक आठवडे जातात, मग थोडी अंडी, मग परत तेच. एप्रिल-मेच्या उन्हात तर बसलेल्या कोंबडीचा जीव वर-खाली होतो, पाणी कमी पिते, मातीत लोळत नाही म्हणून अंगात उवा वाढतात. जी कोंबडी आपण डोळ्याला बरी वाटावी म्हणून घेतली ती वर्षातले कितीतरी दिवस अंधाऱ्या खोक्यात चपटी होऊन बसलेली, हे मला खरंच सहन होईना.

सेब्राइट अंड्यांना कंजूष आहे, हे मी लपवत नाही. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढत गेला की सुरू होते, उन्हाळाभर बऱ्यापैकी घालते, पावसात ढिली पडते आणि पिसं झडायला लागली की दुकान बंद. आपल्याकडे दिवस डिसेंबरात 11 तासांचा आणि जूनमध्ये 13 च्या थोडा वर, एवढ्याशा फरकावरही ती चालते असं मला तरी दिसलं. बल्ब लावून वाढवता येतं म्हणतात पण शोभेच्या पक्ष्याला एवढा ताण कशाला द्यायचा. अंडं छोटं, पांढरट. अजून एक म्हणजे ती उडते, खोक्याकडे ढुंकून न बघता लाकडांच्या ढिगावर नाहीतर पत्र्याखालच्या फळीवर घालते, म्हणून खोकं उंचावर लावायचं आणि आत एक चिनीमातीचं खोटं अंडं ठेवायचं, बहुतेक जणी ऐकतात. पण घालून झालं की खाली उतरते, अंग झटकते आणि चरायला निघून जाते. माझ्याकडची एकही मन लावून बसलेली आठवत नाही, दुसऱ्या कुणाची बसली असेल तर नाही म्हणत नाही.

पिल्लं काढायची असतील तर मात्र गणित उलटं होतं. सेब्राइटच्या नराला मादीसारखीच पिसं असतात, त्याच्या कातडीत नर हार्मोनचं मादी हार्मोन होतं त्यामुळे, आणि ह्या जातीत अंडी कमी फळतात अशी बऱ्याच पाळणाऱ्यांची तक्रार असते. पिल्लंही पहिले काही आठवडे नाजूक. सिल्की मात्र कुणाचीही अंडी उबवेल, बदकाची ठेवा नाहीतर फेझंट पक्ष्याची, आणि आई म्हणून तिला तोड नाही. घरात लहान मुलं असतील, मांडीवर घेऊन बसायचं असेल तरी सिल्कीच बरी, सेब्राइट हाताला येत नाही.

पण पिल्लांची हौस नसेल आणि संध्याकाळी खुर्ची टाकून परसात हिंडणाऱ्या कोंबड्या बघायच्या असतील तर मी सेब्राइटच्या बाजूने बोलेन, अंडी कमी धरूनसुद्धा. घ्यायच्या झाल्या तर दिवाळीच्या सुमारास तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या म्हणजे संक्रांतीपर्यंत जागेला रुळतात, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, आणि जाळी वरूनसुद्धा बांधा, नाहीतर पहिलं अंडं शेजाऱ्यांच्या गच्चीवर शोधायला लागेल.