फायरफॉक्सचे बुकमार्क कीवर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

गूगलच्या निकालांवर एआयचा सारांश येऊन बसायला लागल्यापासून तो घालवण्यासाठी लोक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकतात. अशी बरीच एक्स्टेन्शन वेबसाइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी मागतात. एवढी किंमत मोजायचं कारणच नाही. मे 2024 मध्ये गूगलने ‘वेब’ फिल्टर आणला. शोधाच्या पत्त्याच्या शेवटी अँडचं चिन्ह, मग यूडीएम, बरोबरचं चिन्ह आणि 14 (&udm=14) जोडलं की सारांश जातो, साधे दुवे उरतात. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला ‘कीवर्ड’ म्हणजे एक छोटं नाव देता येतं: पत्त्याच्या पट्टीत ते आणि पुढे हवा तो शब्द टाइप केला की त्या साइटवर थेट शोध होतो. हा पत्ता एकदा कीवर्डमध्ये बसवला की काम झालं, तेही फुकट.

कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून बुकमार्कची लायब्ररी उघडा, तिथे नवीन बुकमार्क करा आणि खालच्या ‘कीवर्ड’ रकान्यात दोन अक्षरं द्या. कंट्रोल-डीच्या छोट्या चौकटीत हा रकाना नाही, आणि अनेकजण इथेच नाद सोडतात. इतकी कामाची सोय इतकी दडवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. शोधपेटीवर राइट-क्लिक करून कीवर्ड जोडण्याचा जुना रस्ता होता. नव्या आवृत्त्यांत त्याने बुकमार्कऐवजी सर्च इंजिन तयार होतं आणि ते बुकमार्कच्या बॅकअपमध्ये येत नाही. म्हणून हातानेच करा.

आता मराठीतला खरा अडथळा. बुकमार्कमध्ये टाकायचा पत्ता मिळवायला हव्या त्या साइटवर एक शब्द शोधायचा आणि पत्त्यात तो जिथे दिसेल तिथे टक्केचिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी लहान एस (%s) घालायचा. पुढे आपण टाइप केलेला शब्द तिथे बसतो. नमुन्याला ‘कमळ’ शोधलंत तर कॉपी केलेल्या पत्त्यात शब्दाऐवजी टक्केचिन्हांची माळ येते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात 3 अक्षरं खातो. तीन अक्षरी ‘कमळ’ची 27 अक्षरं होतात. त्यातलं एक अक्षर चुकून मागे राहिलं की पुढचा प्रत्येक शोध बिघडतो आणि दोष साइटला दिला जातो. नमुन्याला इंग्रजी झेड चारदा टाइप करा, निकाल शून्य आले तरी चालतील. पत्ता स्वच्छ मिळतो. लहान एस आपला शब्द सांकेतिक करून (टक्केचिन्हांच्या रूपात) पाठवतो, मोठा एस जसाच्या तसा. वेबॅक मशीनला (वेबपानांच्या जुन्या प्रती ठेवणारी साइट) अख्खा पत्ता द्यायचा तर मोठा एस हवा, नाहीतर तिरक्या रेघांचंही सांकेतिक रूप होतं.

कीवर्ड देवनागरीतच द्या. मराठी कळफलक चालू असताना दोन इंग्रजी अक्षरांसाठी भाषा बदलणं फार कटकटीचं. फक्त रोजचा शब्द नको: शब्दकोशाला ‘शब्द’ हा कीवर्ड ठेवलात तर ‘शब्द कसे तयार होतात’ हा साधा शोधही कोशात जाऊन आदळेल. मराठी विकिपीडियाला ‘मवि’, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला (1857 ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर) ‘मोक’ अशी निरर्थक जोडी बरी. विकिपीडियावर लेखाचं नाव नेमकं जुळलं तर थेट लेख उघडतो. मधलं निकालाचं पान वाचतं, डेटाही वाचतो.

सुरुवातीला क्रोमची पद्धत सरस वाटते. कीवर्ड टाइप करून टॅब दाबला की कुठे शोधतोय ते पत्त्याच्या पट्टीत दिसतं, फायरफॉक्समध्ये कीवर्ड आपणच लक्षात ठेवायचे. पण क्रोममधली ही यादी बाहेर काढून ठेवायची सोय नाही. फायरफॉक्समध्ये बुकमार्क एक्स्पोर्ट केले की कीवर्डही सोबत येतात. कॉम्प्युटर फॉरमॅट करायची वेळ आली की हा फरक सगळ्यात मोठा ठरतो. इतिहासातही (पाहिलेल्या पानांच्या नोंदीत) तेच: क्रोम साधारण 90 दिवसांचा ठेवतो, फायरफॉक्स बराच जास्त. पट्टीत टोपीचं चिन्ह ^ आणि एक जागा सोडून शब्द लिहिला की फक्त इतिहासात शोध होतो, * लावलं तर बुकमार्कमध्ये, % लावलं तर उघड्या टॅबमध्ये.

सरकारी पोर्टलांपुढे मात्र कीवर्डचं चालत नाही. अनेक ठिकाणी शोधल्यावर पत्ता बदलतच नाही, मग एस घालायचा कुठे? तिथे गूगलच्या कीवर्डमध्येच साइट (site) हा ऑपरेटर, म्हणजे शोध एकाच साइटपुरता ठेवणारा शब्द, त्यापुढे विसर्गासारखं चिन्ह (:) आणि पोर्टलचं डोमेन बसवायचं. तरीही जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफ सापडत नाहीत. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन अक्षरांचा कचरा आला तर कुठल्याही मराठी शब्दाने ती फाइल हाती लागणार नाही.

गूगलवर शोधताना अवतरणचिन्हं जपून वापरा. ती शब्द आहे त्याच रूपात मागतात, म्हणून "शेतकरी" मागितलं की ‘शेतकऱ्यांना’ असलेली पानं निसटतात. दोन्ही रूपं मध्ये उभी रेघ | घालून द्या. उघडलेल्या पानावर कंट्रोल-एफने फक्त ‘शेतक’ शोधा, पूर्ण शब्दाची खूण काढून टाका.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये बुकमार्कचे कीवर्ड चालत नाहीत. तिथे सेटिंग्जमधल्या सर्चमध्ये जाऊन तेच पत्ते वेगळी सर्च इंजिनं म्हणून जोडावे लागतात.