पाय शेकायचे तर: खडे मीठ, एप्सम सॉल्ट की विजेचा टब?

कोल्हापुरात महाद्वार रोडवर दिवसभर दुकानात उभं राहणारे असोत, नाहीतर चैत्रात जोतिबाचा डोंगर पायी चढून आलेले, रात्री पोटऱ्या भरून आल्या की गरम पाणी हवंच. मग त्यात काय घालायचं?

खरा आराम देतं ते पाणीच. उबेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. पाणी ३७ ते ४० अंश असावं. बंबातलं कढत पाणी काढून विसण घाला आणि कोपर बुडवून बघा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

खडे मीठ कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, अर्ध्या बादलीला मूठभर घातलं की झालं. मात्र नवी कोल्हापुरी चप्पल लागून अंगठ्याजवळ साल निघालं असेल किंवा टाचांना भेगा असतील, तर मीठ चरचरतं. तेव्हा नुसतंच पाणी घ्या.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. महाग पडतं. कातडीतून मॅग्नेशियम आत जाऊन दुखणं थांबतं, याला भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर वापरा, पण त्यासाठी मुद्दाम खर्च करा असं मी सांगणार नाही.

विजेच्या टबचा फायदा एकच, पाणी लवकर निवत नाही. घेताना नीट विचारा: बरेच टब पाणी तापवत नाहीत, ओतलेलं कोमट ठेवतात इतकंच. शिवाय भरलेला टब उचलून मोरीत ओतणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. बादलीत पोटऱ्या बुडतात, टबात बहुधा घोट्यापर्यंतच. माझी पसंती रुंद तोंडाच्या बादलीला. शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवा आणि पाणी वाढवताना पाय बाहेर घ्या.

घरात कुणाला मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल, तर यातलं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस बर्फानं शेका. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर शेकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

शेकून झाल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर चिखल्या होतात. टाचांना खोबरेल लावा आणि पाय उशीवर ठेवून पडा.